पोट पाहिजे

"या वेळी पोट पाहिजे," फोनवरची मुलगी म्हणाली.

पुतळेवालीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. घासायचं यंत्र हातात घरघरत होतं. तिनं ते बंद केलं, कानातला कापसाचा बोळा काढला आणि विचारलं, "काय पाहिजे म्हणालात?"

"पोट, मॅडम. बायकांना असतं तसं. आमच्या नव्या दुकानाच्या काचेत सहा पुतळे उभे करायचेत, सहा वयांचे. पाच दुसरीकडे दिलेत. पण सत्तरीच्या पुढची बाई तुमच्याकडूनच करून घ्या, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणाली. डोकं नको, हात नकोत. मानेपासून मांड्यांपर्यंत." मुलगी जरा अडखळली. "आणि एक सांगू का? प्लीज, सुंदर करू नका."

फोन ठेवून ती स्टुलावर बसली. कोपरापर्यंत पांढरी भुकटी चढलेले स्वतःचे हात तिनं मांडीवर उलटे करून ठेवले आणि बघत राहिली. जन्मभर ज्या कामावर हे हात पोसले ते एका वाक्यात उलटं झालं होतं, आणि हातांना अजून त्याचा पत्ताच नव्हता. बोटं आपली सवयीनं काहीतरी घासल्यासारखी हलत होती. घरामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये, छपराला लावलेल्या आकड्यांना टांगलेल्या, भिंतीला टेकून ठेवलेल्या, एकीच्या मांडीत दुसरीचा खांदा अडकलेल्या अशा कितीतरी बाया होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही पोट नव्हतं. पोटाच्या जागी एक गुळगुळीत उतार होता. तो उतार तिनं केला होता. डोळे मिटून केला असता.

बाजारात तिला सगळे पुतळेवाली म्हणत. आतल्या कपड्यांच्या या कंपनीचं काम तिच्याकडे आलं तेव्हा कंपनीचं नाव 'मर्यादा' होतं. त्याच्याही आधी, सासूबाईंच्या उमेदीच्या काळात, 'मर्यादा'च्या दुकानाच्या काचेत बाई नसायचीच. एक फुलदाणी असायची, तिच्यात कागदी फुलं, आणि शेजारी झाकणावर हंस काढलेला पुठ्ठ्याचा डबा. आत काय मिळतं ते ज्यांना माहीत त्यांना माहीत. मग एक दिवस म्हातारे मालक स्वतः शेडमध्ये आले. याच स्टुलावर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "धड करायचं आहे. कमरेपर्यंतच. आणि बाई, वरचा भाग जरा... सौम्य ठेवा." सौम्य म्हणताना त्यांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी केलं आणि लगेच हात खिशात घातले. ते सौम्य धड तिनं केलं. दुकानात ते जाळीच्या पडद्याआड उभं केलं गेलं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला कुणीतरी आत कपडे बदलतंय असं वाटून माणसं उलट जास्तच वळून बघायला लागली. वर्तमानपत्रात जाहिरात यायची तिच्यात फक्त खिडकीवर पडलेली एका बाईची सावली असायची, आणि खाली 'घरंदाज स्त्रीची निवड'. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. ती ती सावली बघत बसायची. सावलीला किती काय काय माहीत असेल असं तिला वाटायचं.

मग मालकांचा मुलगा शिकून आला आणि 'मर्यादा'ची 'मार्या' झाली. पडदा गेला. धडांना डोकी आली, पिवळे केस आले, लांबच लांब पाय आले. चौकाचौकांत मोठमोठ्या फलकांवर ओल्या अंगाच्या मुली आडव्या पडल्या, आणि त्या सगळ्या कुणावर तरी चिडल्यासारख्या दिसायच्या. 'बघू देत त्यांना' असं खाली लिहिलेलं असायचं. कंपनीकडून तिला एक लोखंडी कडं आलं. पुतळ्याच्या कमरेवरून ते कडं न अडखळता खाली उतरलं पाहिजे, असा हुकूम. उतरलं नाही तर घासायचं. दोनेक वर्षं गेली की नवं कडं यायचं, आधीच्यापेक्षा लहान. जुनी कडी खिळ्याला लटकलेली असायची, एकात एक मावतील अशी, आणि तिला कधी नवल वाटलं नाही, उलट प्रत्येक वेळी नवं कडं सरकन उतरलं की एक कारागिरीचा आनंदच व्हायचा. फक्त एकदा, मुलगा पोटात होता तेव्हा. दिवस भरत आले होते. एका मार्याच्या कमरेवर ती कानस चालवत होती, आणि पुढे वाकली की तिचं स्वतःचं पोट त्या प्लॅस्टरच्या पोटाला टेकत होतं. आतून लाथ बसली. आतून बसलेली लाथ तिच्या कातड्यातून थेट त्या गार प्लॅस्टरवर बसली, आणि पुतळा हलला. खरंच हलला; चाकांच्या पाटावर होता, बोटभर मागे सरकला. ती कानस हातात धरून उभी राहिली. एवढी मोठी गोष्ट घडली होती आणि ती कुणाला सांगावी ते तिला कळलं नव्हतं. मग तिनं मार्याला पुढे ओढून घेतलं आणि कमर पुरी केली.

पुढे पुन्हा डोकी गेली. या वेळी लाज म्हणून नाही तर फॅशन म्हणून. चंदेरी, नाकडोळे नसलेली, अंड्यासारखी डोकी आली, मग तीही नको झाली. मग दुकानंच बंद व्हायला लागली, लोक फोनवरून मागवायला लागले, आणि कंपनीचं काम थांबलं. शाळेचे गणवेश विकणाऱ्यांसाठी ती पोरांचे पुतळे करायला लागली. पोरांना पोट असलेलं चालतं. आणि आता कंपनी परत आली होती, आणि कंपनीचं नाव होतं नुसतं 'मी'.

"नाव झिजत चाललंय त्यांचं," सासूबाई जेवताना म्हणाल्या. "मर्यादा, मार्या, मी. पुढच्या खेपेला नुसता अनुस्वार राहील."

तिचा नवरा ठसका लागेपर्यंत हसला. ती हसली नाही. तिनं दिवसभर मातीत पोट करून पाहिलं होतं आणि ते बसत नव्हतं. तिनं हजार वेळा घासून काढलेली गोष्ट तिला घालता येत नव्हती. माती लावली की ती चिकटवल्यासारखी दिसायची, गाठोडं बांधल्यासारखी. कुठून सुरू होतं ते? छातीखालून की कमरेवरून? आणि संपतं कुठे? ती आरशासमोर उभी राहिली. साठीला आलेलं तिचं अंग काटकुळं, सगळं आत ओढलेलं. आयुष्यभर त्या बायांमध्ये वावरून ती त्यांच्यासारखी झाली होती की काय, असा एक विचार मनात येऊन गेला. जणू खिळ्यावरची कडी रात्रीतून तिच्याच कमरेवरून कुणी उतरवून पाहिली होती.

तिनं बायकांना विचारून पाहिलं. शेजारची शिंपीण म्हणाली, "माझं पोट? ते पूर्ण व्हायचंय अजून," आणि हसत सुटली. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "कपडे काढायचे? अगं, मी डॉक्टरपुढे अर्धेच काढते, आणि तो डॉक्टर माझा भाचा आहे." हसणं सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि हसता हसता प्रत्येकीचा हात नकळत आपल्या पोटावर गेला होता. ते मात्र तिनं पाहिलं.

"माझं चालेल का?"

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती. तिला आधी वाटलं, त्या शेंगांबद्दलच काहीतरी विचारतायत.

"काय चालेल का, आई?"

"पोट. सगळ्या गावाला विचारत फिरतेयस. घरात आहे ते विचारलं नाहीस."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. या सासूबाई. तिच्या पुतळ्यांना इतकी वर्षं 'तुझ्या सवती' म्हणत आलेल्या. पाहुणे यायचे असले की शेडमध्ये जाऊन एकेकीवर जुन्या चादरी टाकणाऱ्या. न्हाणीघरातून बाहेर येताना गळ्यापर्यंत टॉवेल लपेटणाऱ्या, आपले आतले कपडे दोरीवर दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घालणाऱ्या. एका छपराखाली एवढा संसार झाला, पण त्यांचा दंड सोडला तर तिनं त्यांचं काही पाहिलं नव्हतं.

"अहो पण, उघडं व्हावं लागतं. सगळं. आणि हलायचं नाही."

"मग होईन."

"तुम्हाला लाज नाही वाटणार?"

सासूबाईंनी एक शेंग मोडली, आत बघितलं, किडकी निघाली ती बाजूला ठेवली. "त्या मर्यादावाल्याच्या दुकानात मी जायचे ना, तेव्हा तिथं काउंटरवर एक माणूस असायचा. तोंडानं विचारायचा नाही काही. आपण खाली बघत उभं राहायचं, तो नजरेनं मापायचा, आणि कागदात गुंडाळून पुडकं द्यायचा. ते घट्ट होवो नाहीतर ढिलं, घालायचं. तेव्हा वाटायची लाज. तू निदान विचारतेस तरी." मग थोड्या वेळानं, शेंगांशी बोलल्यासारखं, "तुझे सासरे दिवा मालवायचे. त्यांचा दोष नाही गं. तेव्हा सगळेच मालवायचे. पण एवढं सगळं अंग वापरलं, झिजवलं, आणि कुणी बघितलंच नाही. मी तर नाहीच."

तिनं नवऱ्याला बाहेर पाठवलं. "आईला काही होणार नाही ना?" त्यानं दारातून विचारलं. आतून सासूबाईच ओरडल्या, "तू जा रे. जन्मलास तेव्हा बघितलंयस सगळं." तो बिचारा पायात चपला अडकवून गेला.

शेडमध्ये शेगडी पेटवून ऊब केली होती. बादलीत कोमट पाणी, प्लॅस्टर लावलेल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या, व्हॅसलीनचा मोठा डबा. सासूबाईंनी गाऊन काढला, झटकला, चौकोनी घडी घातली, घडीवर हात फिरवून ती नीट केली, आणि मग त्या वळल्या. छपरातल्या काचेतून पडलेल्या उजेडात त्या उभ्या राहिल्या आणि तिच्या तोंडून, काही म्हणायचं नव्हतं तरी, एक श्वास बाहेर पडला. शेकडो बायकांची शरीरं तिनं बनवली होती, पण शरीर तिनं पाहिलं नव्हतं. ते तिला त्या क्षणी कळलं. पोट कुठून सुरू होतं हा प्रश्नच खुळा होता. ते सुरू होत नव्हतं कुठूनच. सगळं अंग खांद्यांपासून निघून तिथं येऊन पोचत होतं, नदी सपाटीला आल्यावर संथ होत पसरते तसं. छाती पोटावर विसावली होती, पोट मांड्यांवर. बेंबी मिटलेल्या डोळ्यासारखी आडवी झाली होती. खाली चंदेरी रेघांचं एक जाळं, उजेडात दिसणारं आणि मान कलली की नाहीसं होणारं. कातडं इतकं पातळ की खालच्या निळ्या शिरा एखाद्या जुन्या नकाशावरच्या वाटांसारख्या, आणि त्या वाटांनी अजून सगळं वाहत होतं, अजून, या वयाला, न थांबता. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. आणि दोन्ही खांद्यांवर दोन खाचा.

खाचा होत्या त्या. बोट आडवं ठेवलं तर बसेल एवढ्या. आतल्या कपड्यांच्या पट्ट्यांनी केलेल्या. आधी कागदात गुंडाळलेल्या पुडक्यांतल्या, मग कुठल्या कुठल्या पट्ट्यांनी, रोज, वर्षानुवर्षं, भार ओढून धरत. व्हॅसलीन लावताना तिची बोटं त्या खाचेत उतरली आणि थांबली. तळाचं कातडं वेगळं होतं, गुळगुळीत, पायऱ्यांच्या दगडासारखं. ज्या कंपनीसाठी ती आयुष्यभर अंगं घडवत होती, त्या कंपनीनंही एक अंग घडवलं होतं, न सांगता, न बघता, याच घरात.

"दुखतं का हे?"

"ते होय? नाही. पूर्वी दुखायचं. आता त्यांची जागा झालीय."

ती पट्ट्या लावत गेली. ओली पट्टी, तळव्यानं दाबायची, पुढची. सासूबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या. "बोलू नका आई, पोट हलतं." "पोट हलायलाच असतं." प्लॅस्टर जमायला लागलं की ते आपोआप गरम होतं, हे तिनं सांगायचं राहून गेलं होतं. "अगं," सासूबाई हळूच म्हणाल्या, "हे ऊन व्हायला लागलं." "होतं ते. घाबरू नका. निवेल." "घाबरत नाहीय." त्यांनी डोळे मिटले होते. "चहूबाजूंनी धरल्यासारखं वाटतंय. राहू दे अशीच जरा वेळ." ती समोर उकिडवी बसून राहिली. त्या पांढऱ्या कवचाच्या आत श्वास चालू होता. कवच हलत नव्हतं, पण आत पोट मागे जाऊन पुढे येत होतं, भिंतीला टेकत होतं आणि सोडत होतं, आणि त्याचा अगदी बारीक आवाज येत होता. याच पोटातून तिचा नवरा आला होता. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच? पण माहीत असणं वेगळं आणि हातभर अंतरावर बसून त्याचा आवाज ऐकणं वेगळं. कुठल्या तरी फार मोठ्या वास्तूच्या दारात आपण चपला न काढता बसलोय असं तिला वाटलं.

मागचा अर्धा साचा आणि पुढचा अर्धा साचा सुटे झाले. सासूबाई आंघोळीला गेल्या आणि ती साचा टेबलावर ठेवून आत डोकावली. आत म्हणजे उलटं. जिथं पोट होतं तिथं खोलगा, जिथं बेंबी तिथं एक छोटा उंचवटा. असे साचे तिला नवे नव्हते. पण उजेड बाजूनं आला, तिनं एक डोळा मिटला, आणि खोलगा बाहेर आला. पोकळी भरली. सासूबाईंचं पोट त्या कवचात उलटून वर आलं, गोल, पूर्ण, आणि ती टेबलाभोवती सरकली तसं तेही तिच्या बाजूला वळलं. ती थांबली, ते थांबलं. ती डोळ्यांची फसगत होती हे तिला ठाऊक होतं. तरी ती पुन्हा एक पाऊल सरकली आणि पुन्हा ते वळलं. नवरा परत येऊन दारात खोकला तेव्हा कुठे ती भानावर आली. "झालं का?" त्यानं विचारलं. तिला काय झालं ते सांगता येईना. "झालं," ती म्हणाली.

फायबरचा पुतळा तयार झाला तेव्हा फोनवरची मुलगी स्वतः बघायला आली. सैल शर्ट घातलेली, केस कापलेली, पोरसवदा. पुतळ्याभोवती ती एक फेरी मारून आली. "हे असंच हवं होतं," ती म्हणाली, पण आवाजात विजय नव्हता, जरा भीतीच होती. "आम्ही मीटिंगमध्ये बोलत होतो ना, खरं शरीर, खरं शरीर... असं असतं होय." मग तिची नजर वर गेली. "खांद्यावर हे काय झालं? साच्यात राहिलं?"

"साच्यात नाही. खांद्यातच आहे."

मुलीला कळायला क्षण लागला. कळल्यावर ती अवघडली. "मॅडम, हे... लोक म्हणतील, यांचे पट्टे रुततात. एवढं तेवढं भरून घ्या ना. बाकी कशाला हात लावू नका. फक्त हे."

तिनं वाद घातला नाही. कंपनी म्हणेल ते करायचं अशीच ती काम करत आली होती, कडं उतरत नसेल तर घासायचं. मुलगी फोनवर बोलायला अंगणात गेली तेव्हा तिनं पुट्टी कालवली. पातं घेतलं. उजव्या खांद्यावरची खाच एका फटकाऱ्यात भरली. हात सफाईदार होता, खाच होती हे कुणाला सांगून पटलं नसतं. आणि तो खांदा क्षणात कुणाचाच राहिला नाही. छपराला टांगलेल्या सगळ्यांचा झाला. ती बघत राहिली. पुट्टीच्या कडा सुकायला लागल्या होत्या. आणखी थोडा वेळ आणि मग ती दगड. डाव्या खांद्याची खाच उघडी होती, तिच्यात सावली साठली होती. हे काम गेलं तर पुन्हा बोलावणं येणार नव्हतं. गणवेशाची पोरं करत बसायचं. सासूबाईंना तर या खाचांचं काहीच नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, भर की. पण तिच्या बोटांना ते गुळगुळीत कातडं आठवत होतं, आणि बोटं, तीच ती न विचारता घासत राहणारी बोटं, पात्याची धार उलटी करून पुट्टी खरवडायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. कोपऱ्यातली नखानं काढली. शेवटचं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं.

मुलगी आत आली तेव्हा ती बोळा हातात घेऊन उभी होती. "भरून बघितलं," ती म्हणाली. "नाही जमलं मला. तुम्ही म्हणत असाल तर दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या. मला नाही जमायचं."

मुलगी पुतळ्याजवळ आली, उजव्या खांद्यावर बोट ठेवलं, खाचेत ते सरकवलं, मागून पुढे. मग तिचा दुसरा हात, बहुधा तिच्याही नकळत, स्वतःच्या शर्टाच्या गळ्यातून आत गेला. खांद्यापाशी चाचपत राहिला.

"मला पण सुरुवात झालीय की," ती म्हणाली. केवढ्या आश्चर्यानं म्हणाली. हात तसाच आत ठेवून ती उभी राहिली, एक हात पुतळ्याच्या खांद्यावर, एक स्वतःच्या. मग म्हणाली, "राहू दे. कुणी विचारलं तर मी बघून घेईन."

विचारलं कुणीच नाही. दुकान उघडल्यावर ती आणि सासूबाई बघायला गेल्या तेव्हा तिला त्याचं कारण दिसलं आणि तिला हसावं की काय ते कळेना. पुतळ्याला ब्रा घातली होती, साधी, फिक्या रंगाची, रुंद पट्ट्यांची, आणि पट्टे बरोब्बर त्या खाचांत बसले होते. खाचा दिसतच नव्हत्या. दुसऱ्या पाच पुतळ्यांच्या खांद्यांवर पट्टे नुसते ठेवल्यासारखे होते. या एकीच्या खांद्यांवर ते घरी आल्यासारखे होते. बाया काचेसमोर थांबत होत्या. पूर्वीच्या काचांसमोर थांबायच्या तशा नाही; तेव्हा बघायच्या आणि पोट आत घ्यायच्या. आता एकीनं हातातली पिशवी खाली ठेवली. एक शाळेतली मुलगी सगळ्यात टोकाच्या, म्हाताऱ्या पुतळ्यासमोर तोंड उघडं टाकून उभी होती, तिला आईनं ओढलं तरी हलेना.

सासूबाई छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "बरी आहे," त्या म्हणाल्या. "रंग जरा उजळ दिलायस."

"कंपनीचा रंग आहे तो, आई."

"असू दे. शोभतोय." शाळेतल्या मुलीकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. मुलीला काही कळलं नाही.

ऊन वाढलं होतं. बसस्टॉप दुकानाच्या पलीकडे होता, त्यामुळे त्या कोपऱ्यावरून वळल्या. दुकान कोपऱ्यावरचं, बाजूच्या रस्त्यालाही काच होती, आणि त्या काचेतून सहाही जणी पाठमोऱ्या दिसत. ती चालता चालता बोलत होती, घरी जाऊन काय करायचं ते. तिला आपण एकटेच बोलतोय हे चार पावलांनी कळलं. ती वळली. सासूबाई मागे राहिल्या होत्या. छत्री कलंडून पायाशी पडली होती.

"आई? काय झालं? चक्कर आली का?"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. "ही इथं कशी?" त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आई."

ती धावत त्यांच्याजवळ आली, दंडाला धरलं. उन्हानं झालं असेल, वय झालं, असलं काय काय मनात येऊन गेलं. पण सासूबाईंचा चेहरा भ्रमिष्टाचा नव्हता. इतका जागा चेहरा तिनं त्यांचा कधी पाहिला नव्हता. त्या काचेतून त्या म्हाताऱ्या पाठीकडे बघत होत्या. उतरलेला उजवा खांदा. पाठीच्या कण्याची किंचित डावीकडे झुकलेली पन्हळ. खांद्याच्या फऱ्यांखाली दोन्ही बाजूंना पडलेल्या मऊ घड्या.

"ही माझी पाठ आहे, हो ना?" सासूबाई म्हणाल्या. "तू माझीच काढलीस ना?"

"तुमचीच."

"मला काय माहीत ती कशी दिसते. कुणाला दिसते आपली पाठ?" त्यांचा आवाज हळू झाला. "अगं, ही आईची आहे. मी शेंडेफळ. मला कळायला लागलं तेव्हा ती थकलेलीच होती. तिचा हात मागे पोचायचा नाही, मग आंघोळीला बसली की मला हाक मारायची, पाठ चोळायला. रोज. मी लहान, माझे हात एवढे एवढे. खांद्यापासून सुरू करायचे, हा खांदा असाच उतरलेला होता तिचा, आणि मग खाली, आणि या घड्यांत साबण राहायचा तो बोटांनी काढायचा." त्या थांबल्या. "मी अजून शाळेत होते तेव्हा गेली. फोटो नाही एक. तोंड मला आठवत नाही तिचं. किती वर्षं झाली, नाहीच आठवत. पाठच आठवायची. आणि तीही मग, हळूहळू..."

रस्त्यावरून माणसं जात होती, त्यांना वळसा घालून. ती पाठ तिनं केली होती, प्रत्येक घडी तिच्या हाताखालून गेली होती, कण्याची पन्हळ तिनं बारीक पॉलिश-कागदानं घासली होती, आणि तिला वाटलं होतं, आपण एका बाईचं अंग काढतोय. त्या अंगात आणखी कोण कोण उभं आहे हे तिला कुठून कळावं? त्या बाईच्या मागे तिची आई, आणि तिच्याही मागे. तिनं वाकून छत्री उचलली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

सासूबाईंनी पुढे होऊन काचेवर तळवा ठेवला. मग सावकाश, वरून खाली, काचेवरून तो फिरवला. आतली विक्रेती मुलगी हे बघत होती. तिनं काही म्हटलं नाही.

"हिला कधी काढतील इथून?" सासूबाईंनी विचारलं.

"नवा माल आला की. चार-सहा महिने. मग दुसरं काहीतरी निघेल त्यांचं."

"हं." सासूबाईंनी डोळे पुसले, काचेवर उमटलेला हाताचा ओला ठसा बाहीनं पुसला, आणि तिच्या हातातून छत्री घेतली. "मग तोवर येत जाऊ."